जुन्या ट्रॅक्टरची डिझेल पुरवठा यंत्रणा कशी सुधारावी?

वीस-पंचवीस वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ काम केलेले ट्रॅक्टर आपल्या खेड्यापाड्यांतून अद्याप राबताना दिसतात. त्यांचा सांगाडा भक्कम असतो, गिअर शाबूत असतात, कर्ज केव्हाच फिटलेले असते आणि मालकाला त्यांची सवय झालेली असते. तथापि "आता याला पहिल्यासारखा जोर राहिला नाही," ही तक्रार अशा ट्रॅक्टरांबाबत हमखास ऐकू येते. त्यावर सामान्यतः दोन उपाय सुचविले जातात. एक, ट्रॅक्टर विकून नवा घ्यावा. आणि दुसरा, पंपाचे सील तोडून स्क्रू फिरवावा व डिझेल वाढवून घ्यावे. पहिला उपाय प्रत्येकाला परवडत नाही व दुसरा इंजिनाला परवडत नाही. या दोहोंव्यतिरिक्त एक तिसरा, कमी खर्चाचा व खात्रीचा उपाय आहे. टाकीपासून नोझलपर्यंत डिझेलचा जो मार्ग आहे, तो क्रमाने तपासून सुधारून घेणे, हा तो उपाय होय. त्याची माहिती शेतकरी बंधुभगिनींना व ग्राम पातळीवरील कार्यकर्त्यांना व्हावी, हा या लेखाचा उद्देश आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी ऊसपट्ट्यातील एका तालुक्यात माझी नेमणूक असताना घडलेली हकीकत येथे सांगणे उपयुक्त होईल. एका शेतकऱ्याचा ३५ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर ऊस वाहतुकीवर होता. तो सकाळी उत्तम चाले. परंतु भरलेली ट्रॉली घेऊन अर्धा तास गेला की चढावर गचके देऊ लागे व अखेर बंद पडे. थोडा वेळ उभा ठेवला की पुन्हा सुरू होई. मालकाने मला विचारले असता मोठा पंप तपासून घ्यावा असे मी सांगितले. मीही त्या वेळी प्रथम पंपाकडेच बोट दाखविले, हे येथे कबूल केले पाहिजे. मेकॅनिकने पंपाचे सील काढून डिझेल वाढवून दिले. ट्रॅक्टर काळाकुट्ट धूर सोडू लागला, पण चढावर बंद पडण्याचे काही थांबले नाही. महिन्याभरात इंजिन ऑइल पातळ झाले, त्यास डिझेलचा वास येऊ लागला आणि एक पिस्टन धरला. ऐन गळीत हंगामात इंजिन खोलावे लागले. ऊस दुसऱ्याच्या वाहनाने उशिरा कारखान्यावर गेला, आणि त्या रानात होणारी गव्हाची पेरणीही लांबली.

इंजिन दुरुस्त होऊन आले, तरी जुना दोष कायमच होता. पुढे एके दिवशी ट्रॅक्टर असाच बंद पडला असता मी टाकीचे झाकण सैल केले. फुस्स असा आवाज होऊन हवा आत शिरली आणि इंजिन लगेच सुरू झाले. झाकणाचे हवेचे छिद्र माती व रंगाने बुजले होते! टाकीतील डिझेल जसजसे कमी होई, तसतशी आत पोकळी निर्माण होऊन पुरवठा अडखळत असे. "साहेब, झाकणाचं भोक बघा असं कुणी सांगितलंच नाही," असे तो शेतकरी म्हणाला. त्याचे ते म्हणणे खरे होते व ते मलाही लागू होते.

यावरून एक नियम ध्यानात ठेवावा : तपासणी टाकीपासून सुरू करावी आणि पंपाशी संपवावी, पंपापासून कधीही सुरू करू नये.

डिझेलचा प्रवास

टाकीतून निघालेले डिझेल प्रथम गाळ बसण्याच्या काचेच्या वाटीतून अथवा जाळीतून जाते. तेथून फीड पंप ते ओढून एका किंवा दोन फिल्टरमधून मोठ्या पंपाकडे, म्हणजे इंजेक्शन पंपाकडे, ढकलतो. मोठा पंप प्रत्येक सिलिंडरसाठी डिझेल मोजून, योग्य क्षणी, अतिशय मोठ्या दाबाने पोलादी नळीतून नोझलकडे पाठवितो. नोझल त्याचा धुक्यासारखा फवारा सिलिंडरमध्ये सोडते. नोझलमधून झिरपलेले जादा डिझेल परतीच्या बारीक नळीने मागे येते.

रुडॉल्फ डिझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीत औग्सबुर्ग येथे चालले, तेव्हा इंधन सिलिंडरमध्ये ढकलण्यासाठी दाबलेली हवा वापरावी लागे व त्याकरिता अवजड यंत्र जोडावे लागे. १९२७ साली बॉश यांच्या कारखान्यातून इंजेक्शन पंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागले, आणि त्यानंतरच लहान, हलके डिझेल इंजिन वाहनांवर व ट्रॅक्टरवर बसविणे सुलभ झाले. आपल्या जुन्या ट्रॅक्टरवरील पुष्कळ पंप याच जातीचे आहेत.

हे काम किती नाजूक आहे, याची कल्पना साध्या हिशेबाने येईल. तीन सिलिंडरचे इंजिन मिनिटास २००० फेरे फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटास १००० वेळा, म्हणजे तिन्हींत मिळून ३००० वेळा, डिझेल सोडले जाते. असे इंजिन तासाला ६ लिटर डिझेल घेत असेल, तर मिनिटाचे १०० मिलिलिटर होतात आणि प्रत्येक वेळी सोडल्या जाणाऱ्या डिझेलचे माप मिलिलिटरच्या तिसाव्या हिश्शाइतके भरते. एवढे अल्प माप अचूक मोजण्यासाठी पंपातील प्लंजर व बॅरल यांमध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाचे केवळ दोन-तीन भाग इतकीच फट ठेवलेली असते. डोक्याचा केस तिच्याहून कित्येक पटींनी जाड असतो. यास्तव डोळ्यांना न दिसणारी धूळ आणि पाण्याचा थेंब हे या यंत्रणेचे मोठे शत्रू होत.

प्रथम दोष डिझेलचाच आहे काय, ते पाहावे

जोर कमी होण्याचे प्रत्येक कारण डिझेल पुरवठ्यात नसते. धुराचा रंग पाहून पुष्कळसा उलगडा होतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा धूर म्हणजे डिझेल नीट न पेटणे, टायमिंग चुकणे अथवा पाणी जाणे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळणे. काळा धूर दिसताच नोझल काढण्यापूर्वी एअर क्लीनर उघडावा. ऑइलबाथ पद्धतीच्या एअर क्लीनरमध्ये चिखल झालेला असेल, तर इंजिनाचा श्वासच कोंडतो. तो स्वच्छ करून खुणेपर्यंत नवे ऑइल भरावे व मग पुढील तपासणी करावी. इंजिन धूर न सोडता हळूहळू शक्ती गमावीत असेल किंवा गचके देत असेल, तर डिझेल अपुरे पोहोचत असल्याचा संशय घ्यावा.

पहिली पायरी : टाकी

डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे टाकीत शिरलेले पाणी तळाशी बसते. अर्धी रिकामी टाकी रात्रभर राहिली, तर आतील दमट हवेतील बाष्प पत्र्यावर थंड होऊन पाणी होते. पावसाळ्यात आणि दव पडणाऱ्या दिवसांत हे विशेष घडते. या पाण्याने टाकी आतून गंजते व डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढून काळसर बुळबुळीत घाण तयार होते.

जुन्या ट्रॅक्टरची टाकी एकदा पूर्ण उतरवून, रिकामी करून, स्वच्छ डिझेलने खळखळून धुवावी. तळाचा बूच उघडून गंजाचे पापुद्रे काढून टाकावेत. गंज फार असेल तर टाकी बदलणे अंतिमतः स्वस्त पडते. डिझेल साठलेल्या टाकीस वेल्डिंग करण्याचा प्रयत्न कदापि करू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही पेट घेणारी वाफ असते. झाकणाचे छिद्र बारीक तारेने मोकळे करावे व भरण्याच्या तोंडाशी असलेली जाळी फाटली असल्यास नवी बसवावी. यापुढे काम संपताच संध्याकाळी टाकी भरून ठेवण्याची सवय लावावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरणार नाही.

दुसरी पायरी : नळ्या आणि हवा

टाकी व फीड पंप यांच्यामधील नळीत कोठे भेग असेल, तर गंमत अशी की तेथून डिझेल गळताना बहुधा दिसत नाही. कारण त्या भागात पंपाची ओढ असते आणि हवा बाहेरून आत शिरते. इंजिन सकाळी सुरू होण्यास त्रास देते, मध्येच वेग कमी-जास्त होतो, व दर चार दिवसांनी हवा काढावी लागते. असे घडत असल्यास सर्व रबरी नळ्या, क्लिपा आणि जोडांतील तांब्याचे वायसर एकदम बदलावे. नवी नळी डिझेल सहन करणाऱ्या जातीचीच असावी; पाण्याची वा गॅसची नळी वापरू नये. हवा कोठून येते हे ओळखण्यासाठी थोड्या वेळापुरती पारदर्शक नळी जोडून बुडबुडे पाहता येतात.

मोठ्या पंपापासून नोझलपर्यंतच्या पोलादी नळ्या मात्र निराळ्या आहेत. त्यांची लांबी व आतील व्यास ठरलेला असतो. त्यांवर डिझेल पोहोचण्याची वेळ अवलंबून असते. त्या वाकवू नयेत, ठोकू नयेत, आणि तुटल्यास त्याच मॉडेलची मूळ नळी आणावी.

तिसरी पायरी : फीड पंप

फीड पंप लहान असला तरी सर्व पुरवठा त्याच्यावर अवलंबून असतो. त्यातील व्हॉल्व्ह, स्प्रिंग, प्लंजर अथवा पडदा झिजल्यास हलक्या कामात दोष कळत नाही. नांगरटीत किंवा चढावर मात्र मोठा पंप उपाशी राहतो. याची चाचणी सोपी आहे. फीड पंपाची बाहेर जाणारी नळी सोडून तिचे तोंड स्वच्छ बाटलीत धरावे, इंजिन बंद करण्याचा दांडा ओढून ठेवावा आणि स्टार्टरने इंजिन फिरवावे. डिझेल ठसठशीत, एकसारख्या धारेने व बुडबुड्यांविना आले पाहिजे. धार मंद असल्यास प्रथम टाकीकडून येणारी नळी व जाळी पाहावी आणि त्यानंतर पंपाचा दुरुस्ती संच बसवावा.

पडद्याचा फीड पंप इंजिनावर बसविलेला असेल आणि पडदा फाटला, तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली किंवा ऑइलला डिझेलचा वास आला, तर ट्रॅक्टर लगेच थांबवावा. पातळ ऑइलवर चालविलेले इंजिन बेअरिंग गमावते.

काही मालक विजेवर चालणारा जोरकस फीड पंप बसवितात. तो बसविताना मोठ्या पंपास किती दाब चालतो, हे पुस्तिकेत पाहिले पाहिजे. फिरत्या जातीच्या पंपास ठरल्यापेक्षा अधिक दाब दिल्यास त्याचे सील फुटू शकते. सामान्य शेतीकामास मूळ फीड पंप चांगल्या स्थितीत असणे पुरेसे असते.

चौथी पायरी : फिल्टर

जुन्या ट्रॅक्टरमध्ये करण्यासारखी सर्वांत मोलाची सुधारणा हीच होय. ज्या ट्रॅक्टरवर एकच फिल्टर आहे, त्यावर फीड पंपाच्या आधी पाणी वेगळे करणारी पारदर्शक वाटी बसवून घ्यावी. तळाशी जमलेले पाणी त्यात स्पष्ट दिसते व खालचा स्क्रू सैल करून ते रोज सकाळी काढता येते. फीड पंपानंतर शक्यतो दोन फिल्टर एकापुढे एक असावेत : पहिला भरड कचरा अडविणारा आणि दुसरा बारीक कागदाचा. दुसरा फिल्टर निवडताना तो आपल्या इंजिनाच्या गरजेइतके डिझेल जाऊ देणारा आहे याची खात्री करावी. लहान फिल्टर बसविल्यास स्वच्छता मिळते, पण जोर जातो.

कागदी फिल्टर पेट्रोलने धुऊन, झटकून पुन्हा बसविण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. धुतल्याने कागदाची छिद्रे मोठी होतात किंवा बाहेरची घाण आतल्या बाजूस जाते, आणि वाचविलेल्या थोड्या पैशांपोटी मोठ्या पंपाचे प्लंजर झिजतात. दोन्ही फिल्टर एकाच वेळी बदलण्याऐवजी पुस्तिकेतील तासांप्रमाणे पाळीपाळीने बदलल्यास, बदलताना शिरलेली धूळ दुसरा फिल्टर अडवितो.

पाचवी पायरी : नोझल

नोझल किती दाबास उघडावे हे प्रत्येक मॉडेलसाठी ठरलेले असते. जुन्या ट्रॅक्टरांत हा दाब साधारणतः दर चौरस सेंटिमीटरला १७५ ते २५० किलोग्रॅम असतो. स्प्रिंग थकल्याने तो कमी होतो. मग फवाऱ्याऐवजी धार पडते, नोझल टपकते, काळा धूर येतो आणि ठोक्याचा आवाज होतो. कोणत्या सिलिंडरचे नोझल बिघडले ते ओळखण्यासाठी इंजिन मंद चालू ठेवून एकेका नळीचा नट कापड धरून किंचित सैल करतात. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तेथे दोष आहे असे समजावे. ही परीक्षा जाणकार मेकॅनिककडूनच व डोळ्यांवर चष्मा लावून करावी.

नोझल चाचणी यंत्रावर तपासून सर्वांचा दाब सारखा करून घ्यावा. एकच नवे व दोन जुनी अशी जोडी जमविल्यास सिलिंडरांना मिळणारे डिझेल असमान होते. नोझल पुन्हा बसविताना खाचेत जुना तांब्याचा वायसर चिकटून राहिलेला नाही ना, हे पाहावे. दोन वायसर राहिल्यास नोझल वर उचलले जाते व फवारा चुकीच्या जागी पडतो.

येथे एक सावधगिरीची सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. नोझलचा फवारा अगर फुटक्या पोलादी नळीची बारीक धार यांपुढे हात कधीही धरू नये. एवढ्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते. वरून केवळ टोचल्यासारखी खूण दिसते, परंतु आतील मांस सडून बोट अथवा हात गमावण्याची पाळी येऊ शकते. असा अपघात झाल्यास वेदना नसली तरी विनाविलंब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे व डिझेल दाबाने आत गेले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

सहावी व शेवटची पायरी : मोठा पंप

वरील पाचही पायऱ्या पार पडल्यावरच मोठ्या पंपाकडे वळावे. अनुभव असा की पुष्कळ ट्रॅक्टर येथपर्यंत येण्याची वेळच येत नाही. तरीही जोर कमी असेल, तर पंप चाचणी मेजाची सोय असलेल्या अधिकृत दुरुस्ती केंद्रात द्यावा. तेथे प्रत्येक सिलिंडरला जाणारे डिझेल मोजून सारखे करतात आणि गव्हर्नर तपासतात. पंप उतरविण्यापूर्वी पंपावरील व इंजिनावरील टायमिंगच्या खुणा जुळवून पाहाव्यात. खुणा नसतील तर स्वतः कराव्यात. काम झाल्यावर सील करून घ्यावे आणि मोजमापाचा कागद मागून जपून ठेवावा. पंपाच्या खालच्या कप्प्यात स्वतंत्र ऑइल असेल, तर तेही वेळेवर बदलावे.

स्क्रू फिरवून डिझेल का वाढवू नये?

एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते, आणि धूर न होता जळण्यासाठी डिझेल इंजिनात त्याहूनही अधिक हवा द्यावी लागते. जुन्या ट्रॅक्टरच्या सिलिंडरमध्ये एका फेऱ्यात किती हवा मावते हे त्याच्या आकारावरून कायमचे ठरलेले आहे. त्या हवेस पेलेल एवढेच डिझेल कारखान्याने मोजून दिलेले असते. त्यापेक्षा जास्त सोडलेले डिझेल जोर न देता धूर होऊन बाहेर पडते. जे जळत नाही ते सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइलचा थर धुऊन टाकते व खाली ऑइलमध्ये उतरते. पिस्टन व व्हॉल्व्ह अतिशय तापतात. वर सांगितलेल्या शेतकऱ्याच्या इंजिनाचे नेमके असेच झाले.

अमेरिकेत जुन्या डिझेल ट्रकांचा जोर वाढविण्याचे काम हौसेने करणारे लोक पुष्कळ आहेत. परंतु त्या ट्रकांत बहुधा टर्बो असतो, म्हणजे हवाही दाबून वाढविलेली असते. आणि तेथील जाणकारही प्रथम टाकी, फीड पंप व फिल्टर यांचा पुरवठा भरवशाचा करून घेतात व मगच पुढचे पाऊल टाकतात. हवा न वाढविता केवळ डिझेल वाढविणे म्हणजे चुलीत वारा न देता ओली लाकडे कोंबण्यासारखे आहे.

आजचे डिझेल आणि जुने सील

देशभर १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा या प्रतीचे डिझेल मिळू लागले. त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत १० भागांहून अधिक नसते; त्यापूर्वीच्या भारत स्टेज चार प्रतीत ते ५० होते. गंधक काढण्याच्या क्रियेत डिझेलचा अंगचा वंगणपणा कमी होतो. परंतु शुद्धीकरण कारखान्यात विशिष्ट द्रव्य मिसळून तो मानकाप्रमाणे राखलेला असतो. म्हणून चांगल्या पंपावरून घेतलेल्या डिझेलमध्ये घरी काहीही मिसळण्याची आवश्यकता नाही. रॉकेल तर मुळीच मिसळू नये. ते कायद्याने भेसळ ठरते. शिवाय ज्या फिरत्या पंपांना डिझेलचेच वंगण मिळते, ते त्यामुळे लवकर घासतात.

डिझेलचे घटक बदलले की वर्षानुवर्षे जुन्या डिझेलची सवय झालेले रबरी सील आकसून गळू लागण्याचा संभव असतो. अशी गळती दिसल्यास डिझेलला दोष न देता सील व नळ्या नव्या, सध्याच्या इंधनास योग्य अशा घालाव्यात. सेकंदाला एक थेंब गळाला, तरी आठ तासांत लिटरभराच्या आसपास डिझेल मातीत जाते.

हवा काढण्याची रीत

फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी झाल्यावर यंत्रणेत हवा शिरते. ती पुढील क्रमाने काढावी.

१. टाकी भरावी, कॉक उघडावा आणि सर्व जोड बाहेरून पुसून घ्यावेत.

२. पहिल्या फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून फीड पंपाची हातदाबी मारीत राहावे. बुडबुडे थांबून स्वच्छ डिझेल येऊ लागताच हातदाबी चालू असतानाच स्क्रू आवळावा.

३. हीच क्रिया दुसऱ्या फिल्टरवर व नंतर मोठ्या पंपावरील स्क्रूवर करावी.

४. नोझलकडील नळ्यांचे नट सैल करून स्टार्टरने इंजिन थोडे फिरवावे. डिझेल येताच एकेक नट आवळावा. या वेळी चेहरा व हात धारेपासून दूर ठेवावेत.

५. इंजिन सुरू करून दहा मिनिटे सर्व जोडांवर लक्ष ठेवावे.

क्रम उलटा केल्यास हवा पुढे सरकते व काम पुन्हा करावे लागते.

डिझेलची साठवण

यंत्रणा कितीही सुधारली, तरी घाणेरड्या डब्यातून डिझेल ओतल्यास श्रम वाया जातात. डिझेल आणण्याचा डबा निराळा, झाकणाचा व आतून स्वच्छ असावा. जस्ताचा मुलामा दिलेले पत्र्याचे भांडे वापरू नये, कारण जस्ताशी डिझेलची क्रिया होऊन चिकट साका तयार होतो व तो फिल्टर कोंडतो. आणलेले डिझेल रात्रभर न हलविता ठेवावे व तळाचे चार बोटे सोडून वरचेच घ्यावे. ओतताना बारीक जाळीचे नरसाळे वापरावे; सुती चिंधी लावू नये, तिचे तंतू आत जातात.

ग्राम पातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

पेरणीच्या हंगामापूर्वी, म्हणजे मे महिन्यात, गावातील एका जुन्या ट्रॅक्टरवर या तपासणीचे प्रात्यक्षिक ठेवावे. गावातील मेकॅनिकला बोलावून त्याच्याच हातून काम करवून घ्यावे. त्यामुळे त्याचा मान राहतो व तीच रीत पुढे चालू राहते. शक्य असल्यास त्या मॉडेलची पुस्तिका मिळवावी. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते, व तेथील अहवालांतून इंजिनासंबंधीची मोजमापे मिळू शकतात. प्रत्येक मालकास एक साधी वही करण्यास सांगावे. तीत ट्रॅक्टरचे तास, भरलेले डिझेल, फिल्टर बदलल्याची तारीख व वाटीतून निघालेले पाणी एवढेच लिहावे. तासाला लागणारे डिझेल एकाएकी वाढले, तर दोष उद्भवल्याचे ही वही मालकाला सर्वांआधी सांगेल.

समारोप

वाफसा कोणासाठी थांबत नाही. पाऊस पडून जमीन तयार झाली असता ट्रॅक्टर बांधावर उभा राहिला, तर गेलेले चार दिवस कोणतीही दुरुस्ती परत आणून देऊ शकत नाही. जुन्या ट्रॅक्टरला नवा जोर विकत आणण्याची बहुधा गरज नसते. त्याचा स्वतःचा जोर घाणीने, पाण्याने व हवेने अडवून ठेवलेला असतो. तो मोकळा करण्यास झाकणाच्या छिद्रापासून आरंभ करावा. शेतकरी बंधुभगिनींनी पुढील हंगामापूर्वी एक दिवस या कामासाठी राखून ठेवावा, अशी आग्रहाची विनंती आहे.